आधी दात, मग प्लॅन

नोव्हेंबर लागला की आमच्या दवाखान्यात येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. एरवी लोक वेळ मागायला फोन करतात, या दिवसांत प्लॅन विचारायला करतात. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांत पुढच्या वर्षाचा विमा निवडायची मुदत याच सुमारास असते. दोन-तीन आठवड्यांत काय ते ठरवायचं आणि फॉर्म भरायचा. नंतर लग्न, बाळंतपण, जोडीदाराची नोकरी जाणं असं काही घडल्याखेरीज वर्षभर त्यात बदल करता येत नाही. मी मध्य न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात इन्शुरन्स को-ऑर्डिनेटर आहे. पेशंट खुर्चीत बसण्याआधी त्याचा प्लॅन तपासायचा, कंपनी किती उचलेल आणि त्याला पदरचे किती घालावे लागतील याचा अंदाज काढायचा, उपचार झाले की क्लेम पाठवायचा, पैसे अडले तर पाठपुरावा करायचा, हे माझं काम. या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. माझं नाव ऐकलं की समोरचा माणूस लगेच मराठीवर येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, लो घेऊ की हाय?"

लो म्हणजे कमी हप्त्याचा प्लॅन, हाय म्हणजे जास्त हप्त्याचा. मी उलट विचारते, "दात शेवटचे कधी दाखवले होते? एक्स-रे कधी काढला? डॉक्टरांनी सांगितलेलं पण राहून गेलेलं काही काम आहे का?" बरेच जण इथे थबकतात. त्यांच्यासमोर हप्त्यांचा तक्ता उघडलेला असतो आणि त्यांना त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवून हवं असतं. पण येत्या वर्षात आपल्या तोंडात काय काम निघणार आहे हे ठाऊक नसताना दोन प्लॅनची तुलना करून काहीही हाती लागत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. मुदत संपायच्या आधी एकदा तपासून घ्या, डॉक्टरांकडून कामांची यादी घ्या आणि मग तो तक्ता उघडा.

आरोग्यविम्याची सवय झालेल्या माणसाला दातांचा विमा समजायला जड जातो, कारण दोन्हींची रचना उलटी आहे. इथल्या आरोग्यविम्यात पेशंटच्या खर्चाला वरची मर्यादा असते. वर्षभरात तुम्ही ठरावीक रक्कम भरलीत की नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी दरांचा करार असलेल्या डॉक्टरांकडच्या, पुढच्या उपचारांचा भार कंपनीवर जातो. आजार जितका मोठा तितका तो विमा कामाला येतो. दातांच्या विम्यात मर्यादा असते ती कंपनीच्या खर्चाला. तिला अॅन्युअल मॅक्सिमम म्हणतात आणि कितीतरी प्लॅनमध्ये ती १,००० ते २,००० डॉलरच्या दरम्यान असते. तेवढे देऊन झाले की कंपनी थांबते. काम जितकं मोठं, तितका विम्याचा वाटा लहान. ही एक गोष्ट नीट कळली की प्लॅनच्या पुस्तिकेतल्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात, आणि हीच गोष्ट पुस्तिकेत कुठेही ठळक लिहिलेली नसते.

हे असं का, ते मला या व्यवसायाचा इतिहास वाचल्यावर थोडं उमगलं. १९५४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने आणि त्यांच्या मालकांच्या संघटनेने कामगारांच्या मुलांसाठी दातांच्या उपचारांची सोय करायचं ठरवलं आणि वॉशिंग्टन, ओरेगॉन, कॅलिफोर्निया इथल्या दंतवैद्यांच्या संघटनांना योजना आखायला सांगितली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांमधूनच पुढे डेल्टा डेंटल आली. सुरुवातच मुलांपासून होती. वेळच्या वेळी तपासणी, कीड लहान असतानाच फिलिंग. त्या कामाला ही पद्धत आजही उत्तम चालते. नेहमीच्या प्लॅनमध्ये तपासणी, क्लीनिंग, एक्स-रे यांचे १०० टक्के, फिलिंगचे ८० टक्के, कॅप, ब्रिज, कवळी यांचे ५० टक्के कंपनी देते. जे टाळता येतं त्याला सगळ्यात जास्त, जे बिघडून बसलंय त्याला सगळ्यात कमी. चाळिशीनंतर, जुनी फिलिंगं तुटायला लागलेला, एखादी दाढ गमावलेला माणूस या रचनेच्या चुकीच्या टोकाला उभा असतो.

आता आकडे घालून सांगते, कारण टक्के ऐकून माणसाला सगळं कळल्यासारखं वाटतं. समजा दाढेचं रूट कॅनॉल आहे, त्यावर आतून भराव घालायचा आहे आणि वर कॅप बसवायची आहे. नेटवर्कच्या दराने रूट कॅनॉल १,२०० डॉलर, भराव २५०, कॅप १,२००, असे २,६५० धरू. प्लॅनमध्ये रूट कॅनॉलचे ८० टक्के, बाकी दोन्हींचे ५० टक्के, डिडक्टिबल, म्हणजे कंपनीच्या आधी पेशंटने भरायची रक्कम, ५० डॉलर, वर्षाची मर्यादा १,५००. पेशंट घरी फक्त टक्क्यांचा हिशेब करतो. रूट कॅनॉलचे ९२०, भरावाचे १२५, कॅपचे ६००, म्हणजे कंपनी १,६४५ देणार आणि आपले जाणार साधारण एक हजार. प्रत्यक्षात या वर्षी त्याची दोन क्लीनिंग, तपासण्या आणि एक्स-रे झालेले असतात. त्यांचे ३०० डॉलर याच मर्यादेतून गेलेले असतात. उरले १,२००. कंपनी तेवढेच देते आणि पेशंटचे जातात १,४५०. एक हजाराच्या तयारीने आलेल्या माणसाला साडेचारशे डॉलर अचानक जास्त सांगायचे, हा प्रसंग आमच्या काउंटरवर कुणावरही येऊ नये म्हणून मी धडपडते. काही प्लॅनमध्ये तपासणी-क्लीनिंगचा खर्च मर्यादेत धरत नाहीत. लो आणि हाय यांत निवडताना लोक टक्के बघतात. मी आधी हे बघते.

हेच काम डिसेंबरात निघालं तर आणखी एक वाट असते. रूट कॅनॉल आणि भराव डिसेंबरात, कॅप जानेवारीत. डिसेंबरात कंपनी १,०४५ देते, जानेवारीत नवी मर्यादा सुरू होते, डिडक्टिबल पुन्हा एकदा भरावा लागतो आणि कॅपचे ५७५ मिळतात. पेशंटचे १,०३० होतात. चारशेहून जास्त डॉलर वाचतात. पण रूट कॅनॉल झालेली दाढ कॅपशिवाय ठेवली तर चावताना ती उभी चिरण्याची भीती असते, आणि तशी चिरली की बहुधा काढावीच लागते. म्हणून थांबायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. ते हो म्हणाले तरच मी तारखा मांडते. आणि तारखा म्हणजे खऱ्या तारखा. काम डिसेंबरात झालेलं असताना क्लेमवर जानेवारी लिहा, असं सांगणारे भेटतात. चांगली, शिकलेली माणसं असतात, त्यांना ते किरकोळ वाटतं. मी नाही म्हणते, आणि कारणही सांगते. ती फसवणूक ठरते, डॉक्टरांचं लायसन्स धोक्यात येतं.

तारखेचा असाच एक बारकावा नोकरी बदलणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कॅपचं काम दोन भेटींत होतं. पहिल्या भेटीत दात घासून माप घेतात, दुसऱ्या भेटीत कॅप चिकटवतात. काही कंपन्या माप घेतलेल्या दिवशीची तारीख धरतात, काही चिकटवलेल्या दिवसाची. दोन्हींच्या मध्ये नोकरी गेली आणि विमा महिनाअखेरीस संपला तर? आयटीमध्ये एकामागून एक माणसं काढली जात होती त्या काळात हा प्रश्न माझ्याकडे वारंवार आला. नोकरी गेल्याचं दुःख बाजूला ठेवून एक तरुण काउंटरशी उभा राहून विचारत होता, "कॅप या शुक्रवारच्या आत येईल का?" आम्ही लॅबला फोन केला, विनंती केली, कॅप गुरुवारी आली. कोब्रा कायद्याखाली तोच विमा पुढे चालू ठेवता येतो आणि त्यात दातांचा विमाही येतो, हे त्याला माहीत नव्हतं. हप्ता मात्र पूर्ण आपल्या खिशातून भरावा लागतो, कंपनीचा वाटा बंद होतो. एका कॅपसाठी तो एक महिन्याचा हप्ता कधी परवडतो, कधी नाही. पण असा रस्ता आहे हे कुणीतरी सांगायला हवं.

नेटवर्कबद्दल लोक जो प्रश्न विचारतात तोच अपुरा असतो. "तुम्ही माझा इन्शुरन्स घेता का?" याला जवळपास प्रत्येक दवाखाना हो म्हणेल आणि ते खोटं नसेल. घेतो म्हणजे क्लेम पाठवतो. त्या कंपनीशी दरांचा करार आहे की नाही, हा वेगळा मुद्दा. करार असेल तर आमचा नेहमीचा दर १,६०० असला तरी कॅपला करारातल्या १,२०० च्या वर एक पैसाही मागता येत नाही. वरचे चारशे आम्ही सोडून देतो. करार नसेल तर ते चारशे पेशंटवर येतात. शिवाय एकाच कंपनीची दोन-तीन नेटवर्क असतात. डेल्टा डेंटलचंच पीपीओ वेगळं आणि प्रीमियर वेगळं, एका दवाखान्याचा दोन्हींशी करार असेलच असं नाही. म्हणून विचारायचं ते असं: "माझ्या कार्डावर या नेटवर्कचं नाव आहे. तुमचे डॉक्टर, म्हणजे मला जे बघणार आहेत ते, या नेटवर्कमध्ये आहेत का?" डॉक्टरांच्या नावानिशी विचारायचं, कारण करार डॉक्टरागणिक असू शकतो.

नेटवर्कबाहेर जायचंच असेल, एखादे डॉक्टर वर्षानुवर्षांचे असतात आणि माणूस त्यांना सोडू इच्छित नाही, तर पुस्तिकेतला '५० टक्के' हा आकडा कशाचे ५० टक्के ते विचारावं. काही प्लॅन त्या परिसरातल्या डॉक्टरांचे प्रचलित दर धरतात, काही स्वतःच्या नेटवर्कचे दर. दुसऱ्या प्रकारात १,६०० ची कॅप असली तरी हिशेब १,२०० वर होतो, मिळतात ६०० आणि एक हजार तुमचे. दोन्ही पुस्तिकांत छापलेलं असतं ५० टक्केच.

मला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो तो मात्र क्लीनिंगवरच्या वादाला. 'क्लीनिंग १०० टक्के' वाचून माणूस बऱ्याच वर्षांनी येतो. हायजिनिस्ट हिरड्यांची खोली मोजते, चार, पाच, सहा मिलिमीटर असे आकडे पुकारत जाते, एक्स-रेत हाड खाली गेलेलं दिसतं. डॉक्टर सांगतात, साधं क्लीनिंग चालणार नाही, हिरड्यांच्या आतून मुळांची सफाई करावी लागेल, तोंडाचे चार भाग धरून, दोन भेटींत. साध्या क्लीनिंगचा कोड डी १११०, हिरड्यांच्या उपचाराचा डी ४३४१, तोही प्रत्येक भागाला वेगळा. पहिल्याचे १०० टक्के, दुसऱ्याचे ८० किंवा ५०. पेशंट खवळतो. फुकट होतं ते विकत कसं झालं, आम्ही पैसे काढतोय, असं त्याला वाटतं, आणि त्याच्या जागी कुणालाही वाटेल.

अशा वेळी मी त्याला आतल्या खोलीत नेते, त्याच्या मोजमापाचा तक्ता आणि एक्स-रे स्क्रीनवर लावते आणि डॉक्टरांना दोन मिनिटं बोलावते. साध्या क्लीनिंगने फक्त दिसणारा भाग चकचकीत होईल आणि आत दाढा हलायच्या त्या हलतच राहतील, हे डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांना पटतं. मग मी सांगते की घाई नाही. प्री-डिटरमिनेशन पाठवू, म्हणजे एक्स-रे आणि तक्ता कंपनीला आधीच धाडू, ती काय देणार ते लेखी येईल, मग ठरवा. कंपनीलाही हाच पुरावा लागतो. त्याशिवाय ती हा उपचार मंजूर करत नाही. पेशंटला हे कळलं की त्याचा संशय जरा निवतो. तिसऱ्याच पक्षाने तीच मोजमापं तपासून होकार दिलेला असतो. त्या पत्राच्या तळाशी 'ही देयकाची हमी नाही' असं वाक्य असतं, तेही मी बोट ठेवून वाचून दाखवते. दरम्यान मर्यादा संपली किंवा विमा गेला तर त्या पत्राचा उपयोग नसतो.

पैशांचं बोलणं ड्रिल सुरू व्हायच्या आधी झालं पाहिजे, हा माझा हट्ट आहे. भूल चढल्यावर, तोंड उघडं असताना माणूस कशालाही मान हलवतो. त्या होकाराला मी होकार मानत नाही.

गमावलेल्या दाताच्या कलमाने आपल्याकडच्या मुलांना फार त्रास होतो. बऱ्याच प्लॅनमध्ये असं लिहिलेलं असतं की विमा सुरू होण्याआधीच जो दात गेलेला होता, त्याच्या जागी बसवायच्या ब्रिज, इम्प्लांट किंवा कवळीचे पैसे मिळणार नाहीत. पुण्यात कॉलेजला असताना दाढ किडली, परीक्षा तोंडावर होती, काढून टाकली, मग नोकरी, व्हिसा, लग्न. इथे आल्यावर विमा मिळाला तेव्हा आता तो दात बसवून घेऊ असं वाटतं. असाच एक मुलगा पुण्याच्या डॉक्टरांचा कागद घेऊन आला होता, त्यावर '३६ काढला' असं लिहिलेलं. आमच्या नव्या असिस्टंटला तो आकडा कळेना, कारण अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे क्रमांक आहेत. भारतातल्या दोन आकडी पद्धतीतला ३६ म्हणजे इथला १९, खालची डावी पहिली दाढ. कागदावर तारीख होती, विम्याच्या कितीतरी आधीची. तो हळूच म्हणाला, "हा कागद नसता दाखवला तर?" क्लेमच्या फॉर्मवर कुठले दात नाहीत ते दाखवावं लागतं, अशा कामांत दात कधी काढला तेही कंपनी विचारते, आणि आम्ही जे माहीत आहे तेच लिहितो. मी त्याला तसं सरळ सांगितलं, आणि त्यानेही ते मान्य केलं.

मग आम्ही दुसरी वाट शोधली. त्याच्या पत्नीच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये ते कलमच नव्हतं. सगळ्याच प्लॅनमध्ये ते नसतं, म्हणूनच ते शोधून वाचायचं. नोव्हेंबरात तो तिच्या प्लॅनवर गेला. इम्प्लांटचे ५० टक्के होते, वर्षाच्या मर्यादेत. पण इम्प्लांटला महिने लागतात. स्क्रू बसवायचा, हाड धरू द्यायचं, मग वरचा दात. स्क्रू एका वर्षात आणि दात पुढच्या वर्षात गेला आणि दोन्ही मर्यादा कामी आल्या. ज्यांना अशी वाट नसते ते सुट्टीत भारतात जाऊन करून येतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. एकच सांगते. तिथल्या डॉक्टरांकडून इम्प्लांटच्या कंपनीचं नाव, प्रकार आणि माप लिहून आणा. पुढे स्क्रू सैल झाला तर इथल्या डॉक्टरला कुठलं अवजार लावायचं ते त्या कागदावरून कळतं.

उन्हाळ्यात आई-वडील येतात. त्यांचा प्रवासी विमा असतो, दातांच्या बाबतीत त्यातून मिळालं तर अचानक उठलेल्या ठणक्यापुरतं आणि तेही थोड्या रकमेपर्यंत. आजी खुर्चीत बसलेली असते, गाल सुजलेला असतो, आणि मुलगा पार्किंगला गेला की मला जवळ बोलावून विचारते, "किती होतील गं? नाहीतर गोळी घेऊन काढते मी डिसेंबरपर्यंत." तिला मी खरा आकडा सांगते. म्हाताऱ्या माणसाला परस्पर गप्प करणं मला जमत नाही. शिवाय सूज असताना गोळ्यांवर महिने काढणं धोक्याचं आहे, हेही तितकंच स्पष्ट सांगते. पू असेल तर तो काढून, गरज पडल्यास दात काढून प्रश्न सुटतो, महागडी कॅप गावी जाऊन करता येते. नेवार्कला रटगर्सचं दंतवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे विद्यार्थी देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. तो पत्ता मी कितीतरी घरांना दिला आहे. आणि ज्यांचे आई-बाबा अजून निघायचे आहेत त्यांना आधीच कळवते की तिकीट काढल्यावर आणि विमानात बसण्याआधी आई-बाबांचे दात दाखवून घ्या. तिकडे आरोग्यविम्यात दातांचं नेहमीचं काम सहसा धरत नाहीत, पण दवाखान्याचं बिल आवाक्यातलं असतं.

इथेच म्हातारे झालेल्या काकांची गोष्ट आणखी वेगळी. ६५ पूर्ण झाली की मेडिकेअर मिळतं, सगळं सुटलं असं त्यांना वाटतं. १९६५ सालच्या त्या कायद्यात दातांची नेहमीची कामं वगळलेली आहेत. अलीकडे थोडी फट उघडली. अवयव प्रत्यारोपण किंवा हृदयाची झडप बदलण्यासारख्या शस्त्रक्रियेआधी दातांचा संसर्ग काढणं गरजेचं असेल तर त्या कामाचे पैसे मेडिकेअर देतं. कवळीचे नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, नोकरीचा प्लॅन हातात असताना, राहिलेली कामं उरकून घ्या, असं मी साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवणीने सांगते.

नवरा-बायको दोघांचे प्लॅन असले की दोघांनी एकमेकांना आपल्या प्लॅनवर घालायची चढाओढ असते. दोन विमे म्हणजे दुप्पट पैसे, असा समज. दुसऱ्या प्लॅनमध्ये 'नॉन-डुप्लिकेशन' कलम असेल तर पहिल्याने ५० टक्के दिल्यावर, आणि दुसऱ्याचाही वाटा ५० टक्केच असेल तर, दुसरा काहीही देत नाही. दोन हप्ते जातात आणि फायदा नावापुरता होतो. मुलांच्या बाबतीत पहिला विमा कुणाचा, हे आई-वडिलांच्या वाढदिवसावरून ठरतं. वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा, वय कितीही असो. वेड्यावाकड्या दातांना तारा लावायच्या असतील तर त्याची मर्यादा निराळी आणि आयुष्यात एकदाच मिळणारी असते, ती दर वर्षी नव्याने भरत नाही.

हप्त्याचा प्रश्न शेवटी राहतो, आणि खरं तर इतकं झाल्यावर तो सोपा असतो. महिना २० डॉलरचा लो प्लॅन, मर्यादा १,०००. महिना ४५ चा हाय, मर्यादा २,०००. वर्षाचा फरक ३०० डॉलर. ज्याचे दात धड आहेत, दोन क्लीनिंग आणि एखादं फिलिंग यापलीकडे काम नाही, त्याने ते तीनशे हायला देऊ नयेत. ज्याला दोन कॅप करायच्या आहेत त्याने लो घेतला तर तीनशे वाचवायला जाऊन त्याहून जास्त गमावू शकतो. ज्याला कंपनी काहीच वाटा देत नाही आणि स्वतः बाजारातून प्लॅन घ्यायचाय, त्याला मी प्रतीक्षाकाळ बघायला लावते. अशा प्लॅनमध्ये कॅपसारख्या कामांना बारा महिने थांबावं लागणं नेहमीचं. बारा महिने हप्ते भरून वाट बघायची त्यापेक्षा दवाखान्याची सभासद योजना किंवा सरळ रोख दर विचारलेला बरा, असंही मी काहींना सांगितलं आहे. इन्शुरन्सचं काम करणाऱ्या बाईने विमा घेऊ नका म्हणावं याचं त्यांना नवल वाटतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने एक कायदा मंजूर केला. दातांच्या विमा कंपन्यांनी जमलेल्या हप्त्यांपैकी किमान ८३ टक्के रक्कम उपचारांवर खर्च करावी, नाहीतर फरक ग्राहकांना परत करावा. आरोग्यविम्याला अशी अट आधीपासून होती. मला वाटतं की हे प्रत्येक राज्यात व्हायला हवं, न्यू जर्सीत तर नक्कीच. दातांचं दुखणं बाकीच्या शरीरापासून वेगळं काढून ठेवलंय, निदान हप्त्यांचा हिशेब तरी उघड असावा.

मागच्या मोसमात एक जोडपं दोन्ही कंपन्यांचे कागद घेऊन आलं होतं. तिला दोन कॅप सांगितलेल्या, त्याचे दात निरोगी, मुलगी नऊ वर्षांची. आम्ही कामांची यादी मध्ये ठेवली आणि तासभर बसलो. तिने एका वर्षापुरता स्वतःच्या कंपनीचा हाय घेतला, त्याने स्वतःचा लो, आणि मुलीला आईच्या प्लॅनवर ठेवलं, कारण त्यात तारांचा समावेश होता आणि तिच्या पुढच्या दातांकडे बघता दोन-तीन वर्षांत त्या लागणार असं डॉक्टरांना वाटत होतं. पहिली कॅप जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लिहून ठेवली. दुसरी थांबू शकते असं डॉक्टर म्हणाले म्हणून मार्चमध्ये. तिच्या हाय प्लॅनला प्रतीक्षाकाळ आहे का, हे मी त्यांच्यासमोरच कंपनीला फोन लावून विचारलं. नव्हता. बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा संदर्भ क्रमांक तिच्या फाइलमध्ये टिपून घेतला, आणि तिने तिथेच बसून फोनवरून फॉर्म भरला.